आत्याबाईंच्या पणतीचा डाग

आप्पा, काल तुमचा दहावा झाला. सगळे भीमेच्या घाटावर गेले. मी मागं राहिले. दिव्यापाशी कुणीतरी बसायला हवं, असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. ते तुम्हालाच सांगायचं आहे. तुम्ही असताना चार वर्षं ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. एरवी सूनबाईचं तोंड मिटत नाही म्हणून तुम्हीच अख्ख्या दौंडात सांगत फिरायचात.

मी लग्न होऊन आले तेव्हाचं आठवतं का? मी निमोण्याची. आमच्याकडं जमीन म्हणजे मातीची, आणि ती दर चार दिवसांनी सारवायची. सारवल्याशिवाय घर पारोसं, असं आईनं डोक्यात भरवलेलं. तुमच्या घरात येऊन आठ दिवस झाले आणि अमावस्या आली. सासरी चांगलं दिसावं म्हणून मी पहाटे उठले, शेजारच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं आणि मधली खोली कोपऱ्यापासून दारापर्यंत सारवून काढली. वर चार बोटांची नक्षीसुद्धा ओढली. खाली लाकूड आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण लाकूड झालं म्हणून काय, घराची जमीन ती जमीन, असं माझं गणित.

आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, दारातच कपाळावर हात मारला. "आगं बया! सागवानाला शेण!" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. त्या हसतायत की रडतायत तेच मला कळेना. तुमचे हे चिरंजीव तर मागच्या मागं पळाले, नव्या बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलायची हिंमत नाही. मग तुम्ही आलात. चप्पल काढलीत, दारात उकिडवे बसलात आणि ओल्या शेणावरून एक बोट फिरवलंत. मी मेल्यात जमा. आता माहेरी धाडतात, एवढंच मनात.

"हात चांगला हाय पोरीचा," तुम्ही म्हणालात. "कुठं जाडबारीक न्हाई." आणि मग उठता उठता, "पर ही भुई पाणी पीत न्हाई, शालन. तेल पिती. चल, दावतो."

आप्पा, माझ्या बापानं मला लिहायला शिकवलं नसेल एवढ्या बैजवार तुम्ही मला ती जमीन शिकवलीत.

तुमच्या वडलांनी जन्मभर मेंढरं राखली. तुम्ही रेल्वेत खलाशी म्हणून लागलात आणि डबे दुरुस्त करता करता सुतार झालात. मेंढक्याच्या पोराच्या हातात रंधा, म्हणून भावकीनं तुमची केवढी चेष्टा केली. जुने लाकडी डबे मोडीत निघाले तेव्हा त्यातल्या सागाच्या फळ्या तुम्ही लिलावात उचलल्यात, टेंपोत घालून घरी आणल्यात आणि मधल्या खोलीत एकेक करून बसवल्यात. त्या फळ्यांवरून किती माणसं कुठं कुठं गेली असतील, असं तुम्ही येईल त्या पाहुण्याला ऐकवायचात. पाहुण्याला घाई असली तरी ऐकवायचात.

दसरा झाला की तुमची पेटी निघायची. आधी काच. फुटक्या खिडकीचा तुकडा, एका बाजूला चिंधी गुंडाळलेला, धारेच्या बाजूनं फळी खरवडायची. वर्षभराचा मळ भुशासारखा बारीक होऊन निघायचा. "रेघेनं घे, रेघेनं. आडवं गेलीस तर लाकूड रडतं." मग पॉलिश पेपर, आधी खरबरीत आणि मग बारीक. मग कोरडं फडकं. आणि शेवटी कोमट केलेलं जवसाचं बेलतेल. ते लावायला तुम्हाला ब्रश चालायचा नाही, कापूस चालायचा नाही. तुमच्या वडलांच्या घोंगडीचा एक तुकडा होता, तोच लागायचा. त्या राठ लोकरीनं तुम्ही तेल असं चोळायचात की फळ्या बघता बघता गुळासारख्या दिसायच्या. मग दोन दिवस त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. सगळं घर स्वयंपाकघरात. आत्याबाई कुरकुरायच्या, "ह्या मान्सानं घर बांधलं का डबा बांधला! बसायला जागा न्हाई." पण तिसऱ्या दिवशी पहिलं पाऊल त्यांचंच पडायचं. तुम्ही त्यांनाच हाक मारायचात.

आणि मग आत्याबाई गेल्या. त्याच खोलीत गेल्या. जिथं जीव गेला तिथं दिवा लावायचा, म्हणून फळीवरच पणती ठेवली. कुंभाराकडची नवी कोरी पणती, ती पाझरते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दहा दिवस त्यातून तेल झिरपत राहिलं. दिवा उचलला तेव्हा खाली वाटीएवढा काळा गोल उमटला होता.

त्या वर्षीचा दसरा झाला. मला वाटलं, यंदा काही पेटी निघत नाही. पण निघाली. तुम्ही काच हातात घेतलीत, कोपऱ्यापासून सुरुवात केलीत आणि त्या गोलापाशी येऊन थांबलात. मी शेजारीच होते. मी म्हटलं, "आप्पा, द्या, मी काढते." तुम्ही काच मागं घेतलीत. गोलाच्या भोवतीनं सगळं खरवडलंत, तेल लावलंत, आणि तेवढी वाटीएवढी जागा तशीच सोडलीत. तिसऱ्या दिवशी खोली उघडली तेव्हा तुम्ही सवयीनं स्वयंपाकघराकडं तोंड केलंत, आणि हाक मारायला कुणी नव्हतं.

त्या डागावरून आपण किती भांडलो, आप्पा! दर दिवाळीला. "मयताच्या दिव्याचा डाग कुणी जपून ठेवतं का घरात?" हे माझं ठरलेलं वाक्य. "आगं, ती काय परकी व्हती व्हय?" हे तुमचं. मी म्हणायचे, आठवण ठेवायला भिंतीवर फोटो आहे की. एकदा तुम्ही त्या फोटोकडं बघत म्हणालात, "ह्यो फोटो रेशनकार्डापायी काढला. फोटोवाल्यानं दरडावलं न् ती भ्याली. ही भ्यालेली बाई म्या घरात कवा बघितलीच न्हाई." आणि मग त्या डागाकडं बोट करून म्हणालात, "तिथं ती हाय. तिथं भ्यालेली न्हाई."

मी काय म्हटलं त्यावर? मी म्हटलं, "तुमचं आपलं काहीतरीच." आणि कांदे चिरायला गेले.

तुम्ही येता-जाता त्या डागाला वळसा घालून जायचात. सवयच झाली होती तुमची. हातात पाण्याचा तांब्या असो की पेपर, तिथं आलात की पाऊल आपोआप बाजूला पडायचं. पोरंही तुमचं बघून वळसा घालायला लागली. सरळ चालायचे ती मी एकटी.

मग वनिताच्या लग्नाचं निघालं. तुमची धाकटी लेक, माझी नणंद खरी, पण तिच्या वेण्या मी घातल्यात, त्यामुळं मला तिची काळजी जास्तच. पहिलं स्थळ आलं कोरेगाव भीमाचं. मंडळी मधल्या खोलीत सतरंजीवर बसली. मुलाच्या मावशीचा डोळा सतरंजीच्या कडेला गेला. "हितं काय सांडलं व्हतं?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात आमची वनिता सरळ बोलून गेली, "आईच्या दिव्याचं तेल हाय ते." त्या बाईंनी पाय आखडून घेतले. मी ते बघितलं. पोहे अर्धे ठेवून उठल्या. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पत्रिका खरंच जुळत नसेल. मला आजही माहीत नाही. पण तेव्हा मी सगळं खापर त्या डागावर फोडलं. दुसरं स्थळ दिवाळीनंतर येणार होतं. आणि नेमके तुम्ही केंदूरला तुमच्या बहिणीची तब्येत बघायला चार दिवस गेलात.

मी संधी साधली, आप्पा. दुसरा शब्द नाही याला.

रांजणगावला नव्या ऑफिसांची लाकडी कामं करणारे दोन कारागीर होते, उत्तरेकडचे. यांच्या ओळखीनं त्यांना बोलावलं. यांनी एकदा विचारलं, "आप्पास्नी इचारलंस का?" मी म्हटलं, "त्यांचं मी बघते." त्या लोकांनी घासायची मशीन आणली. असा आवाज की शेजारच्या बायका बघायला आल्या. जे काम तुम्ही गुडघ्यावर बसून चार दिवसांत करायचात ते त्यांनी दुपारपर्यंत उरकलं. मी तर खूश. मग मशीन त्या डागापाशी आली आणि कारागिरानं ती बंद केली. घाम पुसत म्हणाला, "भाभीजी, ये दाग बहुत अंदर तक गया है. रखना है क्या?"

आप्पा, त्या परक्या माणसानं मला विचारलं होतं. मी त्या घरची सून, आणि मी म्हटलं, "निकालो."

तीनदा मशीन फिरवावी लागली. तेल खोल मुरलं होतं, सहजासहजी जात नव्हतं. गेलं तेव्हा तिथं फळीला थोडा खळगा पडला. डोळ्याला दिसत नाही, तळहात फिरवला तर कळतो. मग त्यांनी सगळ्या खोलीवर काचेसारखा चकचकीत थर चढवला. आता वर्षानुवर्षं बघायला नको, म्हणाले. पाणी सांडा, तेल सांडा, फडकं मारलं की साफ.

तुम्ही आलात. दारात चप्पल काढलीत. खोलीकडं बघितलंत. मी बडबडत होते, नको इतकी बडबडत होते, की बघा आप्पा, तोंड दिसतंय, बघा, आता तुमचे गुडघे वाचले. तुम्ही आत गेलात, बरोबर त्या जागी बसलात आणि तळहात फिरवलात. एकदा, दोनदा. तुमच्या हाताला तो खळगा लगेच सापडला.

"चांगलं झालं," तुम्ही म्हणालात. "च्या ठेव."

शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. माझ्या बापाला बोलला असतात तरी चाललं असतं. मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, रडले असते, पाया पडले असते आणि मिटलं असतं. पण तुम्ही चहा मागितलात आणि मी ठेवला.

त्या रात्रीपासून तुम्ही अंथरूण पडवीत टाकायला लागलात. विचारलं तर म्हणालात, वारा बरा लागतो. दसरा आला आणि गेला, तुमची पेटी माळ्यावरच राहिली. आणि वनिताचं दुसरं स्थळ? ती मंडळी आली, अंगणात कोवळ्या उन्हात बाजेवर बसली, तिथंच पोहे खाल्ले, तिथंच पसंती सांगितली. मधल्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यांनी! मी चहाचा ट्रे घेऊन उभी आणि मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

पण मला सगळ्यात जास्त कशानं मारलं सांगू? तुम्ही वळसा घालायचं सोडलं नाहीत. डाग गेला, खोली आरशासारखी झाली, तरी पाण्याचा तांब्या घेऊन चाललात की त्याच जागी तुमचं पाऊल बाजूला पडायचं. चार वर्षं मी ते बघत होते. दाराआडून, चुलीपासून, पोरांचा अभ्यास घेता घेता. प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलायचं. एकदा पितृपंधरवड्यात तुम्ही आत्याबाईंच्या ताटाला हात जोडून उभे होतात तेव्हा धीर केला. म्हटलं, "आप्पा, ते जमिनीचं..." तुम्ही मागं न बघता म्हणालात, "आळूत मीठ कमी वाटतंय, बघ जरा." तुम्ही तोवर आळू चाखलंही नव्हतं. मला कळलं की तुम्हाला ऐकायचं नाही. की मला सांगायला लागू नये म्हणून तुम्ही मला वाचवत होता? हे मला आता विचारायचं होतं. कुणाला विचारू?

शेवटच्या आजारात तुम्ही एकच गोष्ट मागितलीत. "माझं हंथरूण आत घाल." चार वर्षांनी तुम्ही मधल्या खोलीत आलात. पलंग नको म्हणालात, खालीच. डॉक्टर म्हणाले होते की आता काही दिवसांचं आहे. त्या सकाळी मी औषध द्यायला आले तर तुमचा उजवा हात अंथरुणाबाहेर होता आणि तळहात त्या खळग्यात पालथा पडला होता. डोळे उघडे होते. मी खाली बसले. घर रिकामं होतं, हे दूध आणायला गेलेले. माझ्या घशात शब्द अगदी आला होता, आप्पा, आईची शपथ.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "शालन, च्या ठेव."

मी उठले. म्हटलं, चहा देते आणि मग बोलते. आलं किसलं, तुम्हाला आवडतो तसा जरा जास्तच उकळू दिला. कप घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होतात. हात तिथंच होता.

तुमचा दिवाही तिथंच लावला. नवी पणती. तीही पाझरली. काल सगळे घाटावर निघाले तेव्हा मी यांना दारात थांबवलं. म्हटलं, "कावळा शिवला नाही तर सगळे काय काय कबूल करतील. वनिताकडं बघू, घर सांभाळू. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणा, की डाग पुसला ते शालनचं चुकलं." यांनी पायात चप्पल सरकवली. मग म्हणाले, "म्हंतो."

सगळे गेल्यावर मी पणती उचलली. खाली तेलाचा गोल चमकत होता. पदरानं पुसला आणि आप्पा, काहीच राहिलं नाही. दहा दिवसांचं तेल एका पुसण्यात गेलं. कारागीर म्हणाले होते तसंच, साफ. माझंच काम, आणि तेच माझ्यापुढं चमकत होतं. मी तिथं बसून मोठ्यानं रडले. दहा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं.

मग माळ्यावरून तुमची पेटी काढली. बेलतेलाचा डबा आटून डिंकासारखा झाला होता. घोंगडीचा तुकडा होता, त्यात गुंडाळलेली काच होती. ती घेतली आणि खळग्यातला तो चकचकीत थर खरवडायला बसले. भलता चिवट आहे तो. पहिल्यांदा घाईत आडवी काच गेली आणि ओरखडा उठला. मग तुमचं ऐकलं, रेघेनं घेतलं. बोटं कापली, कापू दे. तळहाताएवढी जागा मोकळी झाली, खाली उघडा साग दिसला. तिथं पणती ठेवली आणि वात सारली.

मंडळी घाटावरून परतली ती हलक्या चेहऱ्यानं. वनिता दारातूनच म्हणाली, "वैनी, पिंड ठेवला न् ठेवला तोच कावळा शिवला! आप्पांचं मन कशातच अडकलं नव्हतं." सगळ्यांना केवढं बरं वाटलं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी हळूच मान हलवली. म्हणायची वेळच आली नव्हती. सगळ्या घरात मला एकटीलाच वाटत होतं, की तुम्ही जरा थांबायला हवं होतं. माझ्यापुरतं थोडं अडकायला हवं होतं.

दिवा कालच उचलायचा होता. मी उचलू दिला नाही. आज सकाळी उचलला. खाली डाग पडलाय, आप्पा. अजून फिका आहे, पण फडक्यानं जात नाही, तेल आत गेलंय. आता कुणीही येऊ दे आणि विचारू दे, मी सांगणार आहे की हे आमच्या आप्पांच्या दिव्याचं. पाय आखडायचे त्यांनी आखडावेत.

पण तुम्हाला तुमचा डाग कशाला हवा होता? तुम्हाला आत्याबाईंचा हवा होता. तो मी तीनदा मशीन फिरवून काढला, आणि तो मला कुठल्याही तेलानं परत आणता येत नाही. माझं चुकलं, आप्पा. हे मी चहा ठेवायला उठायच्या आधी म्हणायला हवं होतं.